मोटर सर्वांत शेवटी: शॉर्ट कोर्स ट्रक शर्यतीला उतरवताना कामांचा क्रम

प्रश्न ऐरोलीहून आला आहे. गाडी रिमोटवर चालणारी (आरसी), ट्रॅक्सस कंपनीची टू-व्हील ड्राइव्ह स्लॅश, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांना जोर मिळणारा शॉर्ट कोर्स ट्रक. मूळ अवस्थेतली: ब्रश्ड (आत कार्बनचे ब्रश असलेली) टायटन १२ टर्न (तारेचे वेढे) मोटर, एक्सएल-५ ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग), निकेलची बॅटरी. मोकळ्या प्लॉटवर मुरुमाचा ट्रॅक आखून रविवारी चार-पाच जण शर्यत लावतात. तक्रारी तीन. वेगात वळवली की गाडी आडवी होते, उडीवर नाक वर जाऊन पाठीवर पडते, आणि वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिला की मागची बाजू फिरते. जमवलेले पैसे जास्त ताकदीच्या, बिनब्रशच्या ब्रशलेस मोटरवर घालावेत की अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मवर (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांवर), असे विचारले आहे.

आत्ता तरी दोन्हींवर नको. तिन्ही तक्रारी टायरची पकड, वजनाची उंची आणि शॉक यांच्या आहेत. त्यात ताकदीचा संबंध एवढाच, की ताकद वाढवली तर हीच तिन्ही दुखणी जास्त वेगात होतील. छोट्या ट्रॅकवर लॅपचा वेळ वळणांत जातो, सरळ पट्ट्यात नाही. मूळ टायटन मोटर नीट बसवलेल्या गाडीत कोणत्याही अर्धवट जुळवलेल्या ब्रशलेस गाडीला घाम फोडते.

अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मबद्दल तर स्पष्टच सांगतो: घेऊ नका. प्लॅस्टिकचा आर्म धडकेत लवतो आणि परत जागेवर येतो. अ‍ॅल्युमिनियमचा एकतर वाकतो आणि वाकलेलाच राहतो, किंवा धक्का तसाच पुढे ढकलतो आणि बल्कहेड (आर्म जिथे जोडलेला असतो तो भाग) किंवा शॉक टॉवर (शॉकचे वरचे टोक धरणारा भाग) तुटतो. वाकलेला आर्म नजरेला दिसत नाही, पण टो (चाकांची तोंडे आत-बाहेर वळण्याचा कोन) आणि कॅम्बर (चाक आत-बाहेर कलण्याचा कोन) बिघडवतो, आणि मग महिनाभर चुकीच्या ठिकाणी दोष शोधला जातो. शिवाय चाकाजवळचे वजन वाढले की खड्ड्यांवर चाक जमिनीला धरून राहत नाही. मूळ आर्म तुटलेच तर आरपीएम कंपनीचे नायलॉनचे घ्या. अ‍ॅल्युमिनियमला जागा आहे ती शॉकच्या टोप्यांवर आणि स्टीअरिंगच्या बेलक्रँकवर, म्हणजे चाके वळवणाऱ्या सांध्यावर, कारण तिथे लवचिकता नको, घट्टपणा हवा.

आता क्रम. पहिले काम जवळजवळ फुकट आहे आणि तेच बहुतेक जण टाळतात: गाडीतला खुळखुळा काढणे. गाडी स्टँडवर ठेवा, एकेक चाक दोन बोटांत धरून आत-बाहेर आणि डावी-उजवीकडे हलवा. पुढचे चाक सर्वो (स्टीअरिंग फिरवणारी छोटी मोटर) न हलता नजरेला दिसेल इतके वळत असेल, तर तुम्ही सरळ पट्ट्यात सतत स्टीअरिंग का दुरुस्त करत बसता याचे उत्तर मिळाले. हा ढिलेपणा साधारण चार ठिकाणी साठतो. चाकाचे बेअरिंग, आर्मची हिंज पिन (आर्म जिच्यावर हलतो ती सळई), कॅम्बर आणि टो लिंकच्या (जोडदांड्यांच्या) टोकाचे बॉल कप, आणि स्टीअरिंगचा बेलक्रँक. हिंज पिन काढून काचेवर लोळवा; वाकलेली असेल तर डुगडुगते, ती लगेच बदला. बॉल कप झिजले असतील तर पूर्ण लिंक नको, फक्त कप बदला. आर्म पुढे-मागे सरकत असेल तर पिनवर पातळ शिम (चकती) घाला. पण इतकेच, की शॉक काढल्यावर आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत पडला तर शिम जास्त झाली.

बेअरिंग ५×११×४ मिमीचे आहे. हे काही खास आरसी गाडीचे माप नाही. एमआर११५ या क्रमांकाने ते मशिदबंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंगवाल्यांकडे मागता येते. दोन्ही बाजूंना रबर सील असलेले मागा. ठाणे-नवी मुंबईत खाडीची दमट हवा आणि मुरुमाची बारीक लाल धूळ या जोडीने उघड्या बेअरिंगचे आयुष्य फार कमी होते. धूळ बाहेरून पुसायची असेल तर ब्रश वापरा. कॉम्प्रेसरची हवा थेट बेअरिंगवर मारली की तीच धूळ सीलच्या आत जाते.

दुसरे काम टायर, आणि इथे पैसे मोकळ्या हाताने घाला. स्लॅशचे मूळ टायर टिकण्यासाठी बनवलेले आहेत, पकडीसाठी नाहीत. रबर कडक आहे. शॉर्ट कोर्सचे टायर २.२/३.० या मापाचे असतात, म्हणजे रिमच्या बाहेरच्या बाजूचा व्यास २.२ इंच आणि आतल्या बाजूचा ३.० इंच. चाके विकत घेताना एक गोष्ट पाहा: टू-व्हील ड्राइव्ह स्लॅशची पुढची आणि मागची चाके वेगळ्या ऑफसेटची (चाक किती बाहेर येते ते माप) असतात. दुकानदार सरसकट ‘स्लॅशची चाके’ म्हणून देतो आणि घरी येऊन पुढची रुंदी चुकलेली निघते. पाकिटावर ‘टू-व्हील ड्राइव्ह पुढची’ असे वेगळे लिहिलेले असते, ते वाचून घ्या.

रबराच्या मऊपणासाठी प्रो-लाइन कंपनीची खूण एम२ मध्यम, एम३ मऊ, एम४ अतिमऊ अशी आहे. जेकन्सेप्ट्सची निळी मऊ आणि हिरवी अतिमऊ. आपल्याकडचा मुरूम रबर खातो. एप्रिल-मे महिन्यात दुपारी तापलेल्या मुरुमावर अतिमऊ टायरच्या पिना डोळ्यांदेखत झिजतात आणि फायदा थोडाच मिळतो. म्हणून सुरुवातीला मऊ, म्हणजे एम३ किंवा निळा, हाच योग्य. हिवाळ्यात सकाळच्या शर्यतीला अतिमऊ वापरायला हरकत नाही.

नक्षी ट्रॅकची अवस्था पाहून ठरवायची. आपल्या ट्रॅकची गंमत अशी, की तो दिवसभरात बदलतो. सकाळी पाणी मारून रोलर फिरवलेला मुरूम ओलसर आणि घट्ट असतो; तिथे बारीक आणि दाट पिनांचा टायर उत्तम चालतो. अकरानंतर वरचा थर सुटतो, फुफाटा होतो आणि बारीक पिना त्या धुळीवर तरंगायला लागतात. तेव्हा मोठ्या, एकमेकांपासून लांब असलेल्या ठोकळ्यांचा टायर हवा, जो धूळ बाजूला सारून खालच्या घट्ट थराला धरतो. दोनच जोड परवडत असतील तर मागच्या चाकांचे दोन प्रकार घ्या आणि पुढे एकच मध्यम नक्षी ठेवा. टू-व्हील ड्राइव्हमध्ये मागची पकड आधी, पुढची नंतर.

टायर चिकटवण्यात घाई करू नका. नवीन टायरच्या कडेला साच्याचे तेल असते. टायरची कड आणि रिमची खाच दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फोम आत बसवून टायर हाताने फिरवत राहा, फोम कुठेही दुमडलेला नको. कड खाचेत पूर्ण बसली की पातळ इन्स्टंट ग्लूचे चार ठिपके समोरासमोर टाका, पाच मिनिटे थांबा, मग ठिपक्यांमधली जागा भरा. दुसऱ्या दिवशी कड अंगठ्याने मागे ओढून पूर्ण गोल तपासा. हवा बाहेर जायला छिद्र लागते. रिमला छिद्र असेल तर ते बुजलेले नाही ना पाहा. पाणी मारलेल्या ट्रॅकवर धावणार असाल तर टायरच्या मधोमध समोरासमोर ३ ते ४ मिमीची दोन छिद्रे पाडा, म्हणजे आत शिरलेले पाणी फिरताना बाहेर फेकले जाते. ओला फोम राहिला तर चाक एका बाजूला जड होते आणि गाडी थरथरते.

आणि आता पहिल्या तक्रारीचे एक सरळ उत्तर. पकड चांगली असलेल्या ट्रॅकवर गाडी वळणात आडवी होते, तेव्हा बहुतेक वेळा पुढच्या बाहेरच्या टायरची कड जमिनीत रुतते आणि गाडी तिच्यावरून पलटते. पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या भिंतीवर, नक्षी जिथे संपते तिथपासून ५-६ मिमी रुंद पट्ट्यात, पातळ इन्स्टंट ग्लूचा थर द्या आणि पूर्ण वाळू द्या. कडक झालेली भिंत रुतत नाही, घसरते, आणि पलटी टळते. पुढे अर्धवट झिजलेले टायर वापरणे हाही त्याच हेतूचा उपाय आहे. घोडबंदर रोडला किंवा खारघरला फुटबॉलच्या टर्फवर गाडी चालवायला मिळाली तर हे केल्याशिवाय उतरूच नका. कृत्रिम गवताची पकड मुरुमाच्या कितीतरी पुढे असते. टर्फवर काळे रबराचे दाणे असतात ते स्पर गिअरमध्ये (मोटर जो मोठा गिअर फिरवते त्यात) जातात, तेव्हा गिअरचे झाकण लावलेलेच ठेवा.

तिसरे काम शॉक. इथे थोडे थांबायला हवे, कारण नवीन शॉक विकत घेण्यापेक्षा आहे ते नीट भरणे महत्त्वाचे. पेटीतून निघालेल्या गाडीच्या चार शॉकमध्ये तेल कमी-जास्त असते. स्प्रिंग काढून दांडा हाताने दाबा आणि सोडा. चौघांचा परत येण्याचा वेग सारखा नसेल, किंवा दाबताना ‘चुळूक’ असा आवाज येत असेल, तर आत हवा आहे.

शॉक पूर्ण सोडा, अल्कोहोलने धुवा, खालचे सील बदला आणि नव्या सीलला ग्रीन स्लाइमसारखे सिलिकॉन ग्रीस लावा. पिस्टन खाली ओढून तेल काठोकाठ भरा. पिस्टन हळूहळू वर-खाली करा, पण तो तेलाच्या वर येऊ देऊ नका. आता शॉक उभा ठेवून दहा मिनिटे सोडून द्या. बुडबुडे स्वतःहून वर येतात. पुन्हा काठापर्यंत तेल घाला, दांडा अर्धा आत ठेवा, टोपी तिरकी लावून हळूहळू फिरवा म्हणजे जादा तेल बाहेर निघेल. टोपी घट्ट झाल्यावर दांडा पूर्ण आत दाबून सोडा. पुढचे दोन एकसारखे आणि मागचे दोन एकसारखे परत आले पाहिजेत. नंतर कॅलिपरने मोजा: पूर्ण उघडलेल्या अवस्थेत डाव्या-उजव्या शॉकच्या लांबीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरक असेल तर खालचे टोक दांड्यावर फिरवून जुळवा. स्लॅशच्या मूळ अल्ट्रा शॉकच्या प्लॅस्टिकच्या टोप्या मोठ्या उडीनंतर निसटतात. त्या तेवढ्या अ‍ॅल्युमिनियमच्या करा. पुढे कधी बिग बोर (जाड नळीचे) शॉक घ्यायचे झाले तर घ्या, फरक नक्की पडतो, पण भरण्याची पद्धत हीच.

तेलाचा आकडा ‘वेट’मध्ये न मोजता सीएसटीमध्ये (तेलाच्या घट्टपणाचे एकक) मोजा. एका कंपनीचे ३० वेट दुसरीच्या ३० वेटइतके घट्ट असतेच असे नाही. असोसिएटेड कंपनीच्या तेलात ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. मुरुमाच्या ट्रॅकवर सुरुवात पुढे ४२५ आणि मागे ३५० ने करा. आपल्या हवेचा हिशेब इथेच येतो. बाटलीवरचा आकडा २५ अंशांचा असतो. सिलिकॉन तेल ४० अंशांना जवळपास पाव भागाने पातळ होते. म्हणजे मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तुमचे ४२५ हे सवातीनशेच्या घरात जाऊन बसते. जानेवारीच्या सकाळी जमलेली गाडी मे महिन्यात होडीसारखी डोलायला लागते ती यामुळे. उन्हाळ्यात एक पायरी वर जा, पुढे ५०० आणि मागे ४२५, आणि हिवाळ्यात परत खाली या.

उडीवर नाक वर जाण्यात शॉकचा वाटा असा: पुढचा शॉक फार जलद उघडत असेल तर उडीच्या टोकावर तो पुढची बाजू वर फेकतो. मागचा जलद उघडत असेल तर उलट, मागची बाजू वर फेकली जाते आणि गाडी नाकावर पडते. तेव्हा नाक वर जाते म्हणून मागचे तेल बदलण्यात अर्थ नाही. पुढचे घट्ट करा.

उंचीचा नियम सोपा आहे. बॅटरी आणि बॉडीसकट गाडी साधारण १५ सेमीवरून सपाट फरशीवर सोडा, हाताने दाबून सोडा, आणि ती स्थिर झाल्यावर बघा. मागचे ड्राइव्ह शाफ्ट आणि पुढचे आर्म जमिनीला समांतर हवेत. शॉकवरच्या प्रीलोडच्या चकत्या उंची बदलायला आहेत. त्यांनी स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज अगदी सर्रास आढळतो. स्प्रिंग कडक हवी तर दुसरी स्प्रिंगच घालावी लागते.

मूळ स्लॅशमध्ये चाके खूप खाली लोंबतात. दगडांवरून उड्या मारायला ते छान, पण वळणात आतली बाजू तेवढीच वर उचलली जाते आणि गाडी कलंडते. शॉकच्या आत, पिस्टनच्या खाली दांड्यावर, इंधनाच्या सिलिकॉन नळीचा ३ ते ४ मिमीचा तुकडा ओवला की हे लोंबणे कमी होते. पुढे ४ आणि मागे ३ ने सुरुवात करा. चारही तुकडे कॅलिपरने मोजून कापा. इथे एक मिमीची गफलतसुद्धा गाडीला एका बाजूच्या वळणात वेगळी वागवते. वरच्या टॉवरवर शॉक आतल्या भोकात घेतला तर तो जास्त आडवा होतो, सुरुवातीला मऊ आणि नंतर कडक वागतो. बाहेरच्या भोकात उभा होतो आणि सगळीकडे सारखा कडक. ट्रॅक खडबडीत असेल तर आतले भोक, घोटून गुळगुळीत केलेला असेल तर बाहेरचे.

चाकांचे कोन फार खोलात न जाता: कॅम्बर पुढे-मागे उणे १ ते उणे २ अंश, पुढचा टो शून्य ते १ अंश बाहेर. मागचा टो-इन (चाकांची तोंडे आत वळलेली असणे) हब कॅरिअरमध्येच (चाकाची धुरी धरणाऱ्या भागातच) घडवलेला असतो, त्याला हात लावायची गरज नाही. कोन नेहमी गाडी स्वतःच्या उंचीवर उभी असताना मोजा, स्टँडवर नाही.

चौथे काम वजन खाली आणणे. स्लॅशच्या मूळ चॅसिसमध्ये बॅटरी उंचावर बसते. ट्रॅक्ससचीच लो-सीजी (वजनाचा मध्य खाली आणणारी) चॅसिस मिळते, तीत बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स दोन्ही खाली जातात. पलटी मारणाऱ्या गाडीसाठी टायरनंतरचा सर्वांत मोठा फरक याचा, आणि मोटरआधी हे घ्यावे असे माझे ठाम मत आहे. त्याच खटाटोपात निकेलच्या बॅटरीऐवजी टू-एस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) टाका. ती हलकी असते, आणि भार पडला तरी व्होल्टेज टिकवून ठेवते. ५००० मिलीअँपिअर-तासांची, कडक कवचाची घ्या. एक्सएल-५ टू-एस चालवतो, पण आधी त्यातली लो-व्होल्टेज सुरक्षा चालू करा: दिवा हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. लाल दिव्यावर लायपो चालवली तर ती एका दुपारीच निकामी होऊ शकते.

बॉडीकडे आता या. टू-व्हील ड्राइव्ह स्लॅश २९६ मिमी रुंद आहे आणि तिची बॉडी चाकांना झाकणारी, सगळीकडून बंद. उडीवर पुढून शिरलेली हवा आत अडकते आणि गाडी छत्रीसारखी वर धरली जाते. तुमच्या दुसऱ्या तक्रारीचा मोठा भाग हाच. मागच्या चाकांच्या पाठीमागे बॉडीचा जो खालचा भाग आहे तो कापून मोकळा करा आणि मागच्या पॅनेलला हवा जायला झरोके पाडा. कापताना प्रत्येक कोपऱ्याला आधी गोल छिद्र पाडा, मग छिद्रापासून छिद्रापर्यंत कापा. चौकोनी कोपऱ्यातून लेक्सान (बॉडीचे प्लॅस्टिक) हमखास तडकते. कापलेल्या कडांना आणि बॉडीच्या खांबांच्या भोकांभोवती आतून फायबरग्लासच्या जाळीची टेप लावा, जी जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना लावतात आणि कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आणि तिच्यावर शू गू या रबरी गोंदाचा पातळ थर द्या. आयोजकांचे बॉडी कापण्याबद्दल काही नियम असतील तर कात्री हातात घेण्याआधी विचारा.

नाक वर जाण्याचा उरलेला भाग बोटात आहे. हवेत असताना थ्रॉटल दिला की फिरणाऱ्या चाकांच्या प्रतिक्रियेने नाक वर येते, ब्रेक दिला की खाली जाते. उडीच्या टोकावर थ्रॉटल वाढवू नका, स्थिर ठेवा. नाक चढताना दिसले तर हवेतच ब्रेकला एक छोटासा स्पर्श करा, आणि जमिनीला लागायच्या क्षणी पुन्हा थोडा थ्रॉटल असू द्या, म्हणजे चाके फिरत उतरतील आणि गिअरवर धक्का बसणार नाही.

तिसरी तक्रार, बाहेर पडताना मागची बाजू फिरणे, टायरने अर्धी सुटेल. उरलेली स्लिपर क्लच (झटका बसला की घसरणारा क्लच) आणि डिफरन्शियल किंवा डिफमध्ये (दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमध्ये) आहे. स्लिपर पूर्ण आवळलेला असेल तर सगळा झटका टायरवर जातो. नट पूर्ण आवळा, मग पाव-पाव फेरा सैल करत पूर्ण थ्रॉटलने गाडी सोडून बघा. सुटताना पहिल्या एक ते दोन फुटांत स्लिपरचा घसरण्याचा आवाज आला आणि मग पकड बसली, की तिथेच थांबा. तीन-चार फूट घसरत राहिला तर पॅड तापून चकाकतात आणि मग कितीही आवळला तरी धरत नाहीत.

डिफमध्ये मूळ ग्रीस असते. वळणातून निघताना आतले मागचे चाक हवेत फुकट फिरते असे दिसत असेल, तर डिफ फार सैल आहे. तो उघडून साफ करा आणि मूळ ग्रीसपेक्षा घट्ट सिलिकॉन तेल घाला. काठोकाठ भरू नका, गिअर जेमतेम बुडतील इतपतच, नाहीतर तापल्यावर बाहेर येते. थ्रॉटल दिल्यावर गाडी वळायलाच तयार नसेल आणि सरळ बाहेर जात असेल, तर उलट, तेल जास्त घट्ट झाले. एक फरक नीट ओळखा: मागची बाजू थ्रॉटल देताना फिरते की सोडताना? सोडताना फिरत असेल तर डिफला आणि स्लिपरला हात लावू नका. ब्रेक जास्त आहे किंवा पुढची पकड जास्त आहे. ब्रेकचा एंड पॉइंट (कमाल मर्यादा) ट्रान्समीटरवरून कमी करा.

सर्वो बदलायचा असेल तर धातूच्या गिअरचा घ्या, ताकद ८ किलो-सेमीच्या वर आणि वेग ६० अंशांना ०.१० सेकंदांच्या आसपास. त्याआधी ईएससीचा बीईसी (सर्वो आणि रिसीव्हरला वीज देणारा भाग) तेवढा प्रवाह देऊ शकतो का पाहा. देऊ शकत नसेल तर स्टीअरिंग झटकन वळवले की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि लोक उगाच रेडिओला दोष देतात. रेडिओचा फेलसेफ मात्र सेट करायला विसरू नका: ट्रान्समीटर बंद केला की गाडी थांबली पाहिजे, ट्रॅकच्या कडेला मुले उभी असतात.

हे सगळे झाले, गाडी पाच मिनिटे न पलटता एकसारखे लॅप देऊ लागली, की मग मोटर. टू-व्हील ड्राइव्हला सुट्या मुरुमावर १३.५ टर्नची सेन्सर्ड (आतला भाग कुठे फिरतो आहे हे ईएससीला कळवणारी) ब्रशलेस पुरेशी आहे. सेन्सर्ड घेण्याचे कारण कमी वेगातला गुळगुळीत थ्रॉटल. नेमक्या त्याच ठिकाणी तुमची गाडी फिरते आहे. एक्सएल-५ ब्रशलेस चालवत नाही, त्यामुळे ईएससी नवीन लागेल. तिच्यात पंच (सुटतानाचा झटका) कमी करण्याची सोय असलेली घ्या आणि सुरुवातीला पंच खालच्या टोकाला ठेवा.

गिअरचा हिशेब हातात ठेवा. स्लॅशच्या गिअरबॉक्सचे आतले गुणोत्तर २.७२ आहे. स्परचे दात ८६ आणि पिनियनचे (मोटरवरच्या लहान गिअरचे) १९ असतील तर ८६ भागिले १९ गुणिले २.७२, म्हणजे १२.३१. ३५०० केव्हीची (दर व्होल्टला मिनिटाला ३५०० फेरे घेणारी) मोटर ७.४ व्होल्टवर मिनिटाला २५,९०० फेरे करते असे धरले, आणि टायरचा व्यास १०९ मिमी, तर वेग कागदावर ताशी ४३ किमी निघतो. पिनियन २३ केला की गुणोत्तर १०.१७ होते आणि वेग ५२ किमी. कागदावर ९ किमी वाढले, पण छोट्या ट्रॅकवर तो वेग गाठायला सरळ पट्टाच नसतो. वाढते ती फक्त मोटरची उष्णता.

म्हणून पिनियन लहान ठेवून सुरुवात करा. तीन मिनिटे चालवा, थांबा, इन्फ्रारेड गनने मोटरचे तापमान घ्या. चकचकीत धातूवर गन चुकीचा, कमी आकडा दाखवते. मोटरवर काळ्या टेपचा छोटा तुकडा लावा आणि त्यावर मोजा. ७० अंशांच्या आत असेल तर पाच मिनिटे चालवून पुन्हा मोजा, तरी आतच असेल तर पिनियनचा एक दात वाढवा. ८० ला पोचली तर लगेच थांबवा आणि दोन दात कमी करा. पुस्तिकांतले सुचवलेले गिअर थंड हवेचे गृहीत धरलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ३५-३६ अंशांची असते, तेव्हा सुचवलेल्यापेक्षा एक-दोन दात कमीच बरे. पिनियन बसवताना दोन गिअरमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर टेकवा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून काढा. पट्टीवर घड्या पडल्या पाहिजेत, पण ती फाटता कामा नये. पिनियनचा स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावर, निळा थ्रेडलॉक लावून.

सामान मागवताना दोन गोष्टी. लायपो धोकादायक माल गणली जाते, त्यामुळे परदेशातून एकटी बॅटरी मागवण्याच्या फंदात पडू नका, इथेच मिळणारी घ्या. आणि ट्रान्समीटर बाहेरून मागवला तर कस्टम्समध्ये डब्ल्यूपीसीच्या (सरकारच्या रेडिओ-परवाने देणाऱ्या शाखेच्या) मंजुरीची, म्हणजे ईटीएची, विचारणा होऊ शकते; इथल्या विक्रेत्याकडून घेतला तर ती कटकट त्याची.

घरी आल्यावर लायपो भरलेली ठेवू नका, दर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, आणि मे महिन्यात मोटारीच्या डिकीत तर अजिबात नको. चार्जिंग एक-सीने, म्हणजे ५००० च्या बॅटरीला ५ अँपिअर, बॅलन्स लावून. कवच फुगलेले दिसले की ती बॅटरी संपली असे समजा.

शर्यतीच्या दिवशी बदल एका वेळी एकच करा आणि वहीत लिहा: वेळ, ट्रॅक ओला की फुफाटा, पुढचे-मागचे तेल, टायर, पिनियन, मोटरचे तापमान. पुढच्या रविवारी अकरा वाजता ट्रॅक सुटायला लागला, की कोणते टायर चढवायचे हे त्या पानावरच सापडेल.